माती पारखून घ्यावी

मातीला आपल्या भाषेत फारशी किंमत नाही. कांदा मातीमोल भावाने जातो, पैशांची माती होते, पोराने माती खाल्ली की घराण्याची अब्रू जाते आणि शेवटी माणसालाही माती द्यावीच लागते. इतके सगळे हिशेब मातीच्या खात्यावर टाकणाऱ्या आपल्या लोकांना माती कधी दुकानातून विकत आणावी लागेल असे वाटले नव्हते. हल्ली ती आणावी लागते. सत्तावन्न ग्रॅमची चौकोनी वडी, चकचकीत वेष्टनात गुंडाळलेली, जर्मनीहून नाहीतर अमेरिकेहून आलेली. तिला ‘पॉलिमर क्ले’ म्हणतात. लाल, पिवळी, जांभळी, मोतिया, हव्या त्या रंगाची मिळते. आणि गंमत अशी की या मातीत माती औषधालाही नसते.

ही वडी आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. आमचे अवसरी खुर्द म्हणजे मंचरच्या शेजारचे, आंबेगाव तालुक्यातले गाव. तिथेही मोबाइलवर बोट फिरवले की चार दिवसांत खोके दारात येते. गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतली सातवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणजे मला सगळे ठाऊक असणार, असा आळीतल्या मुलांचा एक गोड समज आहे. तिला बैलांची जोडी करायची होती. “आजोबा, कुठली माती घेऊ? शेतातली, शाडू, की ही ऑनलाइनवाली?”

मी तिला उलट विचारले, “बैल करून झाल्यावर त्यांचं काय करणार आहेस?”

तिला प्रश्न विचित्र वाटला. पण माझी उमेदीची सगळी वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. तिथे एक गोष्ट अंगात मुरते. पैसे कशाला हवेत, हे अर्जदार स्वतःहूनच रंगवून सांगतो. अधिकाऱ्याने विचारायचे असते ते हे, की पैसे शेवटी जाणार कुठे आणि परत येणार कसे. मातीचेही तसेच आहे. कोणती माती चांगली, या प्रश्नाला उत्तर नाही. घडवलेली वस्तू शेवटी कुठे जाणार, हे एकदा ठरले की माती आपोआप ठरते.

पायाखालची माती

आधी पायाखालच्या मातीपासून सुरुवात करू. आमच्याकडची काळी जमीन म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ हजारो वर्षे झिजून झालेला भुगा. ही माती पाणी धरते, म्हणून ज्वारी-गव्हाला चांगली. मूर्तीला मात्र ती अवघड. तिच्यातले कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, पाणी गेले की आक्रसते. उन्हाळ्यात रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. तिचा बैल करून उन्हात ठेवला तर दुसऱ्या दिवशी त्याच्याही पाठीवर मे महिन्यातले शेत दिसते.

म्हणून जुना कुंभार निव्वळ काळी माती कधी वापरत नाही. तो तळ्याचा किंवा ओढ्याचा पोयटा आणतो, खडे वेचतो, माती भिजत घालून मुरू देतो आणि मळताना तिच्यात राख, बारीक वाळू, लीद मिसळतो. वाळू आकसत नाही, त्यामुळे ती आतून सांगाड्यासारखी उभी राहते. लिदीतले तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात आणि भट्टीत जळून गेले की मागे बारीक छिद्रे ठेवतात. माठातले पाणी गार होते ते त्यातून पाझरणाऱ्या ओलाव्यामुळे. म्हणजे उन्हाळ्यात आपण जो गारवा पितो, त्यात घोड्या-गाढवाचाही वाटा असतो. हे जेवणाच्या ताटावर सांगू नये, एवढेच.

माती पारखायची कुंभाराची रीत सोपी आहे. मळलेल्या मातीची करंगळीहून बारीक दोरी वळायची आणि ती बोटाभोवती गुंडाळायची. दोरी तुटली तर मातीत जीव नाही. गुंडाळली आणि अंगावर तडा गेला नाही तर कामाची. आमच्या गावात २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत स्थापत्यशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत माती तपासताना तिची तीन मिलिमीटर जाडीची दोरी वळायला लावतात आणि कितव्या टक्के ओलाव्याला ती तुटते ते वहीत लिहायला सांगतात. आल्बर्ट अ‍ॅटरबर्ग नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास मातीच्या या मर्यादा शास्त्रात आणल्या, म्हणून त्यांना त्याचे नाव आहे. कुंभाराच्या दोरीला नाव नाही. पण दोरी तीच.

याच्या जोडीला घरी करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. मातीची सपाट पट्टी थापावी, तिच्यावर दहा सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा ओढाव्यात आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावी. मग पुन्हा मोजावे. साडेनऊ भरले तर माती पाच टक्के आकसली, ठीक आहे. नऊच्या खाली गेले तर तिच्यात वाळू किंवा राख मिसळल्याशिवाय मूर्तीला हात घालू नये. पट्टी वाळायला दोन-चार दिवस लागतात, पण त्यात पुढचे आठवडे वाचतात.

कच्चे आणि पक्के

१९८० साली एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर सुरू झाला. माझ्या नोकरीची पहिली वर्षे त्या योजनेच्या अर्जांत गेली. कुंभारांचे अर्ज येत. छापील नमुन्यात ‘कच्चा माल’ असा रकाना असे आणि त्यापुढे आम्ही लिहीत, ‘माती, गावतळ्यातील, विनामूल्य.’ एकदा वरच्या कार्यालयाने शेरा मारून अर्ज परत पाठवला, ‘कच्च्या मालाचे बिल जोडावे.’ मी तो शेरा अर्जदाराला वाचून दाखवला. म्हातारा शांतपणे म्हणाला, “साहेब, बिल कुणाच्या सहीचं आणू? तळ्याच्या?”

याच माणसाने मला मातीतला सर्वांत मोठा भेद शिकवला. वळवाच्या पावसाने त्याची वाळत घातलेली शंभरएक मडकी विरघळून गेली, तेव्हा मी पाहणीला गेलो होतो. बँकेच्या भाषेत माल संपूर्ण नष्ट. तो मात्र चिखल गोळा करत होता. म्हणाला, “कच्चं गेलं तर माती घरात राहते, साहेब. माझे हात फुकट गेले, एवढंच. पक्कं फुटलं की मग खापर.”

त्या एका वाक्यात रसायनशास्त्र आहे. वाळलेली माती पाण्यात टाकली की पुन्हा चिखल होते, कारण वाळताना तिच्यातले फक्त वरचे पाणी गेलेले असते. भट्टीत साधारण साडेचारशे ते सहाशे अंश सेल्सियसच्या दरम्यान कणांच्या रचनेत बांधले गेलेले पाणीही निघून जाते आणि मग मागे फिरता येत नाही. ती वस्तू पुन्हा कधीही माती होत नाही. फुटली तरी खापर म्हणून हजारो वर्षे पडून राहते. पुराणवस्तुशास्त्राचा निम्मा संसार या खापरांवर चाललेला आहे.

त्याचा पुरावा आमच्याच नदीकाठी मिळाला. आंबेगाव तालुक्यातून वाहणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात जाते. तिच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केले. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे गाव तिथे उजेडात आले. त्यांची जोर्वे पद्धतीची भांडी इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखा नाद यावा. कुंभाराची भट्टीही तिथे सापडली. म्हणजे भाजण्याची विद्या त्यांच्या हातात पुरेपूर होती.

आणि तरीही एका घराच्या जमिनीखाली पुरून ठेवलेली मातीची पेटी मिळाली, तिच्याबरोबर स्त्रीमूर्ती मिळाल्या, त्यांतली एक बिनशिराची, आणि एक बैल मिळाला. मूर्तीला आणि बैलाला भोके आहेत. मध्ये काडी घातली की देवी बैलाच्या पाठीवर बसते. ही सगळी चीजवस्तू कच्च्या मातीची आहे. भट्टी हाताशी असताना भाजलेली नाही.

देवीला कच्चे का ठेवले, याबद्दल पंडितांनी आपापले तर्क केले आहेत. मला त्यातून एवढेच दिसते की साडेतीन हजार वर्षांपूर्वी घोडेच्या काठी कोणीतरी माती निवडताना हाच प्रश्न विचारला होता. रांजण भाजायचा, कारण धान्य वर्षभर राहिले पाहिजे. देवी भाजायची नाही, कारण तिला मातीत परत जायचे आहे.

आमच्या भागात बैलपोळा श्रावणात नसतो, भाद्रपदी अमावास्येला असतो. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत ते मातीचे बैल पुजतात, आणि हल्ली ट्रॅक्टरमुळे अशी घरे वाढली आहेत. ते बैलही कच्चेच असतात. इनामगावचा बैल आणि आमच्या देवघरातला बैल यांच्यामध्ये किती राज्ये आली आणि गेली, पण माती निवडायची रीत राहिली.

शाडू आणि प्लास्टर

या रीतीचा धागा सुटला तो गणपतीच्या मूर्तीपाशी. पेण आणि त्याच्या परिसरातली हमरापूर, जोहे ही गावे मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. तिथली शाडूची माती स्थानिक नाही, ती गुजरातेतून येते. शाडू बारीक कणांचा, फिकट रंगाचा, गुळगुळीत. साच्यात दाबला तर नखाची रेघही उमटते. पाण्यात टाकला की काही तासांत विरघळतो. दोष तीन. वजनाला जड, वाळायला हळू आणि वाटेत धक्का लागला तर बोट तुटते, सोंड जाते.

प्लास्टर ऑफ पॅरिस याच्या अगदी उलट. जिप्समचा दगड दीडशे अंशांच्या आसपास तापवला की त्याच्यातले पाऊण पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी राहते. तिच्यात पाणी कालवले की अर्ध्या तासाच्या आत ती पुन्हा दगड होते. मी हे बँकेच्या चष्म्यातून सांगतो. शाडूचा कारखानदार साचा भरतो आणि मूर्ती वाळण्याची वाट पाहत बसतो. दमट हवेत तर त्याचे भांडवल ओल्या फळ्यांवर अडकून पडते. प्लास्टरवाला त्याच साच्यातून दिवसात कितीतरी मूर्ती काढतो, पोकळ आणि हलक्या, ट्रकमध्ये रचून हव्या तितक्या दूर पाठवतो. कर्जाचा प्रस्ताव म्हणून दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले असते तर आकडे प्लास्टरच्या बाजूने बोलले असते. कारागिराला लोभी म्हणणे सोपे आहे. त्याने आकडे वाचले, एवढेच.

त्या आकड्यांत एक खर्च मात्र कुठेच धरलेला नव्हता. तो अनंत चतुर्दशीनंतरचा. घट्ट झालेले प्लास्टर म्हणजे पुन्हा जिप्सम, आणि एक लिटर पाण्यात जिप्सम विरघळते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. घरच्या पंधरा लिटरच्या बादलीचा हिशेब करा. पस्तीस-चाळीस ग्रॅम विरघळले की पाण्याची ताकद संपली. मूर्ती दोन किलोची असेल तर ती बादलीत वर्षभर बसून राहील. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर उपाय काढला. बेकरीत वापरतात ते अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घातले की प्लास्टरचे कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट होते. पहिला खाली साका म्हणून बसतो, दुसऱ्याचे पाणी झाडांना खत म्हणून घालता येते. पुणे महानगरपालिकेने २०१६ च्या सुमारास ही भुकटी लोकांपर्यंत पोचवायला सुरुवात केली. घरच्या मूर्तीला हा उपाय चांगला आहे. रंगाचा प्रश्न त्याने सुटत नाही आणि मंडळाच्या पंधरा फुटी मूर्तीला बादली कुठून आणायची, हाही प्रश्न राहतोच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आणि मे २०२० मध्ये त्या कडक करून प्लास्टरच्या मूर्ती नकोत असे सांगितले. मग न्यायालये आली, मूर्तिकारांच्या संघटना आल्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली. मात्र नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन आपल्या परवानगीशिवाय होऊ नये असे बजावले. मोठ्या मूर्तींसाठी पुढे काही सवलतीही निघाल्या. त्या वादात मी पडत नाही. मला त्यात रस एवढाच, की इतकी वर्षे घासाघीस होऊन प्रश्न शेवटी तिथेच येऊन थांबला. मूर्ती कशाची केली यापेक्षा ती जाणार कुठे, यावर निकाल लागला.

प्लास्टरच्या वतीनेही दोन शब्द

प्लास्टरचे नाव निघाले की हल्ली लोक नाक मुरडतात. पण ते जिथे शोभते तिथे त्याच्यासारखे दुसरे नाही. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास, मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी असताना, ‘मंदिरपथगामिनी’ घडवली ती प्लास्टरमध्ये. देवळाकडे निघालेली ती तरुणी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उभी आहे. तिला कोणी विसर्जित करायला निघालेले नाही, तिला टिकायचेच होते. सासवण्याचे विनायकराव करमरकर (१८९१-१९६७) गणपती घडवणाऱ्या घरातून आले आणि मोठे शिल्पकार झाले. अलिबागजवळ सासवण्याला त्यांचे संग्रहालय आहे, ते एकदा मुलांना घेऊन जाऊन पाहावे. साध्या सिमेंटमधूनही म्हशीची आणि माणसाची कातडी कशी बोलते ते तिथे कळते.

ब्राँझचा पुतळा घडतो तेव्हाही सुरुवात मातीनेच होते. लोखंडी सांगाड्यावर माती चढवायची, कामाच्या अधेमध्ये ती ओल्या फडक्यांनी झाकून ठेवायची, महिनोन्‌महिने वाळू द्यायची नाही. मग तिच्यावरून प्लास्टरचा साचा घेतात. साचा उतरवताना मूळ माती मोडते, टोपलीत जाते आणि पुढच्या पुतळ्यासाठी पुन्हा मळली जाते. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरला १९२५ साली जन्मलेले राम सुतार यांच्या नावावर जगातला सर्वांत उंच पुतळा, १८२ मीटरचा, आहे. एवढ्या उंचीची कामेही लहान नमुन्यापासूनच वाढवत न्यावी लागतात. म्हणून शिल्पकाराला लागणारी माती निराळी. ती वाळून टिकली नाही तरी चालते, पण खूप दिवस ओली, लवचिक राहिली पाहिजे आणि हाताचे म्हणणे ऐकले पाहिजे.

हीच गरज ओळखून विल्यम हार्बट या इंग्लंडमधल्या कलाशिक्षकाने १८९७ साली न वाळणारी माती केली, ती प्लॅस्टिसिन. आपण शाळेत खेळलो तो क्ले तिचाच भाऊबंद. तेल-मेणाची असल्याने ती कधी वाळत नाही आणि म्हणूनच तिच्यातले काही कायम राहत नाही. लहान मुलाला हीच द्यावी. दहा वेळा मोडायचे आणि अकराव्यांदा करायचे, यातच त्याचे शिक्षण असते.

वडीतली माती

आता पुन्हा त्या रंगीत वडीकडे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत बाहुल्या करणाऱ्या केटे क्रूझे यांच्या घरी एक नवे द्रव्य आले. त्यांच्या मुलीने, फिफी रेबिंडर यांनी, ते हाताळले आणि १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने ते घेऊन ‘फिमो’ या नावाने बाजारात आणले. अमेरिकेत १९६० च्या दशकात ‘स्कल्पी’ आली. दोन्हींचा मूळ घटक एकच, पीव्हीसीची भुकटी. म्हणजे आपल्या शेतातल्या पाइपलाइनचा हा सख्खा चुलतभाऊ. त्यात मऊपणासाठी द्रवरूप पदार्थ, भर आणि रंग घातले की झाली पॉलिमर क्ले. हवेत ती वाळत नाही, त्यामुळे आठवडाभर सवडीने काम करता येते. भट्टीही लागत नाही. घरगुती ओव्हनच्या उष्णतेत कण एकमेकांत वितळून जुळतात आणि वस्तू पक्की होते. आकसणे नावालाच.

घ्यायची झाली तर कोणती घ्यावी? नाक-डोळे, दागिन्यांची बारीक नक्षी करायची असेल तर कडक प्रकार घ्यावा. फिमो प्रोफेशनल, काटो. मळताना हात दुखतात पण रेघ जिथे काढली तिथेच राहते. मुलांनी करायचे असेल तर फिमो सॉफ्टसारखा मऊ प्रकार बरा. माणसांच्या, प्राण्यांच्या मूर्तींसाठी सुपर स्कल्पी नावाजलेली आहे. पातळ, वाकणारे भाग असतील, म्हणजे बैलाची शेपटी किंवा वेसण, तर भाजल्यावर थोडी लवचिक राहणारी प्रीमो घ्यावी. अगदी साधी पांढरी स्कल्पी पातळ भागात लवकर मोडते. विकत घेताना वडी वेष्टनावरून दाबून पाहावी. दगडासारखी लागली तर जुना माल समजावा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती पत्र्याच्या खोलीत ठेवू नये, उष्णतेने पाकिटातच पक्की होऊ लागते. माठाशेजारच्या फडताळात ठेवावी. म्हणजे जुन्या मातीने नव्या मातीला सांभाळावे.

भाजण्याच्या बाबतीत वेष्टनावरचा शब्द प्रमाण मानावा. फिमोला ११० अंश सेल्सियस, अर्धा तास. स्कल्पीला १३० अंश, दर सहा मिलिमीटर जाडीला पंधरा मिनिटे. काटोला १५० च्या आसपास. मायक्रोवेव्ह चालत नाही. वस्तू भरीव करू नये; आत अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचा घट्ट बोळा किंवा तार घालून वरून पातळ थर द्यावा. क्ले वाचते आणि तडेही जात नाहीत. तापमान फार वाढले तर पीव्हीसी करपते आणि नाकाघशाला झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. म्हणून खिडकी उघडी, मोठे माणूस जवळ आणि शक्य तर जेवणाचा ओव्हन वेगळा. या क्लेची वाटी, पेला करून त्यात खाऊ-पिऊ नये. मऊपणा आणणारी काही द्रव्ये, ज्यांना थॅलेट म्हणतात, तब्येतीला बरी नाहीत असे दिसल्याने अमेरिकेने २००८ च्या कायद्याने मुलांच्या खेळण्यांत त्यांतल्या काहींवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. नावाजलेल्या कंपन्या आता ती टाळतात. बिननावाच्या स्वस्त पाकिटाबद्दल कोण हमी देणार? तीन वर्षांच्या मुलाच्या हाती ते देऊ नये.

जे वर्षानुवर्षे ठेवायचे ते या क्लेचे करावे. आजीच्या चेहऱ्याची छोटी प्रतिमा, लग्नातल्या मुंडावळ्यांची आठवण, गोठ्यातून गेलेल्या खिलाऱ्याची मूर्ती. पाण्यात सोडायचे, मातीत मिसळायचे असे काहीही तिचे करू नये. भाजलेली पॉलिमर क्ले नदीत टाकणे म्हणजे पाइपचा तुकडा टाकणे.

त्या मुलीने बरीच चर्चा करून शेवटी दोन जोड्या करायचे ठरवले. एक शाळेच्या प्रदर्शनासाठी, कपाटात राहणारी, रंगीत वडीची. दुसरी पोळ्याच्या पाटावरची, ओढ्याच्या पोयट्याची, राख मिसळलेली. दुसऱ्या जोडीच्या एका बैलाचे शिंग वाळताना गळले. तिने ते पाण्याने चिकटवले. शाळेत पहिल्या जोडीचे कौतुक झाले, घरात दुसरीला नैवेद्य मिळाला.

इसार

आता थोडे आपल्याबद्दल, म्हणजे विकत घेणाऱ्यांबद्दल. शाडूची मूर्ती हवी असे आता पुष्कळजण म्हणतात, आणि मग गणपतीच्या आदल्या आठवड्यात दुकानात जातात. तोवर कारागिराने आपला निर्णय कधीच घेतलेला असतो. शाडू भरायचा की प्लास्टर कालवायचे, हे त्याला पावसाळ्याआधी ठरवावे लागते. कारण शाडू वाळायला उन्हे लागतात, आणि त्या महिन्यांत त्याच्या हातात पैसा नसतो. व्याजाने काढला तर जलद सुटणारा माल करणे भाग पडते. प्लास्टर जिंकते ते इथे, वैशाखात. भाद्रपदात आपण फक्त निकाल वाचतो.

बँकेत याला खेळते भांडवल म्हणतात आणि त्यासाठी अर्ज, जामीन, पाहणी असे सोपस्कार असतात. गावात त्याला साधा शब्द होता, इसार. गाय घ्यायची तर इसार, विहीर खणायची तर इसार. मूर्तीला का नसावा? अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आपल्या मूर्तिकाराकडे जावे, उंची सांगावी, शाडूचीच हवी म्हणावे आणि निम्मे पैसे हातावर ठेवावेत. मूर्ती थोडी जड होईल, थोडी महाग पडेल, सोंडेची रेघ साच्यासारखी तंतोतंत येणार नाही. पण एका आळीतल्या दहा घरांनी असे केले तर एका कारागिराचा हंगाम फिरतो, आणि दहा मूर्ती पुढे कुठे जाणार ते उन्हाळ्यातच ठरून जाते.

ते पैसे बुडण्याचे भय नाही. शाडूचे कर्ज पाण्यात जाते हे खरे, पण ते जायचे असते तिथेच जाते.